दोन जुने प्रोसेसर आणि धनश्रीची परीक्षा

वडवणीच्या बसस्टँडसमोर वैजिनाथअप्पाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. घराणं वाण्याचं. धाकटा भाऊ रवि वडिलांचं किराणा दुकान सांभाळायचा. वैजिनाथ मात्र तरुणपणी बीडला जाऊन हार्डवेअर शिकून आला आणि बावीस वर्षं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला. जुने भाग गोळा करून तो स्वस्तात मशीन उभं करून द्यायचा. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक तुटलं होतं, पण अप्पाची एक सवय तुटली नव्हती. दोन भागांतला कोणता चांगला, असं कुणी विचारलं की तो तोंडानं सांगत नसे. दोन्ही आळीपाळीनं एकाच मशीनमध्ये बसवायचा, तेच काम दोघांकडून करून घ्यायचा आणि घड्याळ लावून बसायचा.

श्रावणात एका दुपारी सुग्रीव मेंढपाळ दुकानात आला. मागं त्याची मुलगी धनश्री. बी.ए. झालेली, अंगानं काटकुळी, बोलायला मोजकी.

"अप्पा, पोरीला कंपुटर पायजे," सुग्रीव म्हणाला. "चार मेंढ्या इकल्यात. त्याच्यात बसंल असा द्या."

पुण्याच्या एका कंपनीला घरबसल्या मराठी टायपिंग करणारी माणसं हवी होती. व्हिडिओ ऐकायचा आणि खाली येणारा मजकूर लिहायचा. धनश्रीनं मोबाइलवर पहिली चाचणी दिली आणि पास झाली. दुसरी परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यायची होती, बारा दिवसांनी. कंपनीनं पाठवलेली यादी तिनं वाचून दाखवली. आठ जीबी रॅम, कीबोर्ड, हेडफोन, इंटरनेट, आणि शेवटी नवी विंडोज.

अप्पानं खणातून दोन प्रोसेसर काढून टेबलावर ठेवले. काड्यापेटीपेक्षा मोठे नसतील. एक आय-थ्री, दुसऱ्या पिढीचा. दुसरा पेन्टियम, त्याच्यानंतर निघालेला, वीज थोडी कमी खाणारा. आय-थ्री चारशे रुपयांनी महाग.

"फरक काय दोघांत?" सुग्रीवनं विचारलं.

"असं समज, दोघांकडं मेंढके दोनच हायत. पण आय-थ्रीचा एकेक मेंढका एका टायमाला दोन-दोन कळप बघतो."

सुग्रीव हसला. "दोन कळप बघणारा एक बी नीट बघत न्हाई, अप्पा."

"तेच तर बघायचंय," अप्पा म्हणाला. त्याला हा माणूस आवडला.

धनश्री मात्र त्या दोन चौकोनांकडं बघत होती. "काका, दोन्ही जुनेच हायत ना? मग कंपनीला नवंच लागत असलं तर?"

"नवी विंडोज टाकून देतो की मी. जुन्या मशीनवर ती सरळ बसत न्हाई, पण आडवाट हाय. धा जणांना टाकून दिली."

तिनं मान हलवली. पुढं विचारलं नाही.

पुढचे चार दिवस अप्पा दुसऱ्या कामाला शिवला नाही. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, हार्डडिस्कही तीच. फक्त प्रोसेसर बदलायचा. नुसतं टायपिंग केलं तर दोघांत काडीचा फरक नव्हता. व्हिडिओ चालू ठेवून टाइप केलं की पेन्टियम अडखळायचा, अक्षरं मागून यायची. आय-थ्री तापायचा, पंखा ओरडायचा, पण अक्षर थांबत नव्हतं. अप्पा एका जुन्या वहीत सेकंद लिहीत गेला. बायको मल्लम्मा जेवणाचा डबा घेऊन आली, त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"आवो, चारशे रुपयांच्या फरकासाठी चार दिवस?"

"तिच्या कामात अक्षर मागं पडून चालत न्हाई, मल्लम्मा."

लई दिवसांनी त्याला आपल्या हाताची किंमत वाटत होती. पाचव्या दिवशी सुग्रीव आला तेव्हा त्यानं वही उघडून सगळं समजावलं आणि आय-थ्री पेन्टियमच्याच भावात लावून दिला. मशीन टेम्पोत चढलं, गावाबाहेरच्या माळावर धनगरवस्तीत गेलं. धनश्री रोज सहा तास टायपिंग करायची. तीनदा फोन आला तिचा. "काका, आजिबात अडत न्हाई." तिसऱ्यांदा तर ती चक्क हसत होती.

परीक्षा अकरा वाजता होती. अप्पाला वाटलं, काही कमी-जास्त झालं तर आपण जवळ असावं. खिशात पेन्टियम टाकून तो मोटारसायकलवर साडेदहालाच वस्तीवर पोचला. पत्र्याच्या खोलीत टेबलाला धुतलेली चादर अंथरली होती. धनश्रीनं केस ओले करून घट्ट बांधले होते. दारात सुग्रीव उकिडवा बसलेला, त्या दिवशी मेंढ्यांमागं गेला नव्हता.

कंपनीचं सॉफ्टवेअर परीक्षेआधी मशीन तपासायचं. हिरव्या खुणा एकेक करून येऊ लागल्या. इंटरनेट, आवाज, कीबोर्ड, रॅम. मग लाल खूण आली आणि तिथंच थांबली. प्रोसेसर मान्य पिढीतला नाही, या संगणकावर परीक्षा देता येणार नाही.

धनश्रीनं ते दोनदा वाचलं. "काका?"

"थांब."

त्यानं मशीन बंद केलं, परत चालू केलं. तेच. मशीन उघडलं, गरम आय-थ्री काढला, पेन्टियम बसवला. हा चालणार नाही, हे त्याला बसवतानाच ठाऊक होतं. दोन्ही कंपनीनं आखलेल्या रेषेच्या अलीकडचे, जुन्या पिढ्यांचे. तरी बसवला, कारण दोघं त्याच्याकडं बघत होती. लाल खूण पुन्हा आली.

अकराला सात मिनिटं होती. दुकानातलं त्याचं स्वतःचं मशीन याहून जुनं. बीड गाठायला तास. कंपनीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज बोलत राहिला, माणूस आला नाही. अकरा वाजले. पडद्यावर एक घड्याळ उलटं चालू होतं, ते पंधरा मिनिटांनी शून्यावर आलं आणि पान आपोआप मिटलं.

अप्पा उघड्या मशीनसमोर बसून होता. चार दिवस त्यानं दोघांची शर्यत लावली होती, सेकंदांचा हिशोब केला होता. शर्यतीत दोघांनाही घेणार आहेत का, एवढंच विचारायचं राहिलं. आणि ते पोरीनं विचारलं होतं, पहिल्याच दिवशी.

"धने, तू इचारलं व्हतंस," तो म्हणाला.

"जाऊ द्या काका."

"मी ऐकलं न्हाई."

तिनं कीबोर्डवरचं फडकं सारखं केलं. रडली नाही. रडली असती तर अप्पाला बरं वाटलं असतं.

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, जागा भरल्या आहेत. अप्पा मशीनचे सगळे पैसे घेऊन वस्तीवर गेला. सुग्रीवनं हात मागं घेतला.

"कशाला देता? मशीनमधी खोट न्हाई. चालतंय की ते."

"ज्याच्यासाठी घेतलं ते झालं न्हाई ना."

"तुमी चार दिस राबलात आमच्यापायी. तुमच्याहून जादा कोण करणार व्हतं?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर अप्पा सुटला असता. सुग्रीवनं चहा पाजला, गाडीपर्यंत पोचवायला आला.

त्यानंतर दुकानात अप्पाचं मन लागेना. कुणी दोन भाग आणून विचारलं की तो म्हणायचा, "नवं घेण्याची ऐपत असंल तर नवं घे, नसंल तर माझ्याकडं उपाय न्हाई." लोक हळूहळू यायचे थांबले. दसऱ्यानंतर त्यानं गाळा सोडला आणि रविच्या दुकानात तराजूपाशी बसायला लागला. घरात निदान वेळेवर जेवण होऊ लागलं.

दिवाळी झाल्यावर कळप चाऱ्याला बाहेर निघाला. निघायच्या आदल्या दिवशी धनश्री मीठ आणि गूळ न्यायला दुकानात आली. यंदा तीही बरोबर जाणार होती. घरी राहून तिनं करायचं काय, असं आई म्हणाली. परीक्षा हुकल्यापासून धनश्री रोज मेंढ्यांमागं जात होती. पाय फुटलेले, डोक्याला रुमाल.

अप्पानं गूळ मोजता मोजता विचारलं, "मशीन?"

"मामाच्या घरी ठिवलंय. पोरं शिनेमा बघत्यात."

"पुढच्या साली दुसरी कुठली जाहिरात निघंल. सराव ठेव."

"कुठं ठिवू काका? मेंढरामागं?" तिनं तळहात उघडून बघितले, दोरानं पडलेले चट्टे होते. "बोटं इसरली आता. परवा मामाकडं बसले तर 'क्ष' कुठं हाय ते सापडंना."

पुडी बांधताना अप्पानं गूळ मूठभर जास्त टाकला. तिनं ते पाहिलं, पण नको म्हणाली नाही. पिशवी खांद्यावर टाकून ती रस्ता ओलांडून गेली. मागून आलेल्या गिऱ्हाइकानं पाव किलो तूरडाळ मागितली, आणि अप्पा डब्याचं झाकण काढू लागला.