योहानसाठी खोदलेल्या दोन कबरी

सगळ्या नोकरीत मला माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात एकदाच ड्यूटी लागली. ती कॉफिनबरोबर होती.

आर्मीत तिला एस्कॉर्ट ड्यूटी म्हणतात. जवान शहीद झाला की त्याच्याच युनिटचा एक जेसीओ, म्हणजे सुभेदार दर्जाचा माणूस, आणि दोन-तीन जवान पार्थिवाबरोबर त्याच्या घरापर्यंत जातात. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. राहणार लोहारा, यवतमाळच्या वेशीवरचा, घराणं ख्रिस्ती. कॉफिनमध्ये नायक योहान आत्राम होता. तोही ख्रिस्ती, झरी जामणी तालुक्यातल्या जंगलातल्या गावचा.

बटालियनच्या सीओ साहेबांनी मला बोलावलं. ‘साळवे, तुम्ही दोघं एका जिल्ह्याचे, एका धर्माचे. काही अडचण येणार नाही.’

‘येस सर,’ मी म्हणालो. अडचण आली तर नेमकी तिथूनच येणार, हे त्यांना समजावत बसायची ती वेळ नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला सगळे ख्रिस्ती सारखे दिसतात. आतून आम्ही एकमेकांची चर्चं मोजत असतो.

योहान लहानपणापासून आईबरोबर कॅथलिक चर्चमध्ये जायचा. लग्न झालं ते गावातल्या दुसऱ्या पंथाच्या, पास्टरच्या प्रार्थनाघराच्या मंडळीतल्या मुलीशी, रूथशी. सुटीवर आला की रविवारी सकाळी आईबरोबर फादरच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचा आणि दुपारी बायकोबरोबर प्रार्थनाघरात बसायचा. मी त्याला एकदा म्हणालो, ‘आत्राम, एक काहीतरी ठरव.’

‘काहून साहेब? दोन्हीकडं जेवाले भेटते,’ तो हसून म्हणाला. ‘आन् देव काय हजेरी घेऊन राह्यला का?’

आमची पोस्ट उत्तरेत बर्फात होती. गस्तीची तुकडी परत येताना वरचा बर्फ सरकला. रेडिओवर एवढंच आलं:

‘पाच मिळाले. एक मिसिंग. ओव्हर.’

‘नाव सांगा. ओव्हर.’

‘आत्राम. ओव्हर.’

आम्ही खोदत राहिलो. कंपनीत ख्रिस्ती चार-पाचच, प्रत्येकाचं चर्च वेगळं. खोदताना ज्याने त्याने आपापल्या भाषेत प्रार्थना केली. मीही केली. मी एकच गोष्ट मागितली, की जिवंत सापडू दे. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला. जिवंत नव्हता.

विमानाने नागपूर, तिथून गाडीने हिंगणघाट, पांढरकवडा आणि पुढं झरीचा रस्ता. कामं मी कागदावर लिहून घेतो, ती माझी सवय आहे. फायरिंग पार्टी, बिगुलर, पोलीस बंदोबस्त, तहसील कार्यालय, कबर. कबरीसाठी गावातून दोन फोन आले. दोघांनीही सांगितलं, ‘कबर तयार आहे साहेब.’ मी दोन्ही वेळा कागदावर ‘कबर’पुढे खूण केली आणि गाव नीट व्यवस्था करतंय असं समजून चाललो.

गावाच्या तोंडाशी आलो तेव्हा दुपार होती. शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी होती. घोषणा चालू होत्या. पोलिसांचे फौजदार गाडीच्या खिडकीपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘साहेब, गाडी कोन्त्या कबरीकडं घेऊ?’

‘कोणत्या म्हणजे?’

‘दोन हायेत ना. एक नाल्याच्या अलीकडं, फादरच्या लोकायनं खोदली. एक पलीकडं, प्रार्थनाघरवाल्यायनं. सकाळपासून दोन्हीकडं मानसं बसून राह्यले.’

कॉफिन आधी घरी न्यायचं असतं. मी तेवढा हुकूम दिला आणि खाली उतरलो.

अंगणात दोन घोळके होते. एका बाजूला फादर, साठीचे, पांढरा झगा, बरीच वर्षं याच भागात असलेले. दुसऱ्या बाजूला प्रार्थनाघराचे पास्टर, तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, काखेत बायबल. पास्टरच्या मागे एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. फादरच्या मागे एक जण त्या मोबाईलवाल्यावर नजर ठेवून होता. दोन्ही बाजूंना माझा युनिफॉर्म हवा होता, असं मला वाटलं. शहिदाची कबर ज्याच्या जमिनीत, दर वर्षी पुढारी, हार आणि फोटो त्याच्याकडे. मी संशयी माणूस आहे आणि त्या अंगणात संशय घ्यायला भरपूर जागा होती.

त्यांनाही माझा संशय होताच.

‘साहेब, तुमी कोन्त्या चर्चचे?’ पास्टरनी नमस्काराआधी हेच विचारलं.

‘लोहाऱ्याचा आहे.’

‘गाव नाही इचारलं.’

‘आज मी बटालियनचा आहे,’ मी म्हणालो. ‘बोला.’

फादर बोलले. ‘त्याचा बाप्तिस्मा आमच्याकडे झाला आहे. वडील आमच्या दफनभूमीत आहेत. आईची इच्छा तीच आहे.’

‘बायको आमच्या मंडळीत हाये,’ पास्टर म्हणाले. ‘थो सोता दर सुटीत येत होता. आन् फादर कबरीवर त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करनार. मेलेल्यासाठी मागनं आमच्यात चालत नाही. मानूस गेला का त्याचा फैसला देवाजवळ झाला. मंग मांगाचं काय? तिथं थे प्रार्थना झाली तं आमची मंडळी उभी राहनार नाही. बहीन रूथ बी नाही.’

‘आणि प्रार्थनेशिवाय मी त्याला मातीत ठेवू देणार नाही,’ फादर शांतपणे म्हणाले.

दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. पण सूर्य उतरायच्या आत सलामी व्हायला हवी होती आणि मला एका माणसाला एकाच जागी पुरायचं होतं. कागदावर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे जिचा शब्द चालणार ती सर्वांत जवळची नातलग, रूथ होती. तिने पलीकडची कबर म्हटलं असतं, तर मी तिकडे नेलं असतं आणि आईने मुलाची माती लांबून पाहिली असती. तिने अलीकडची म्हटलं असतं, तर तिच्या माणसांनी तिला सोडलं असतं. नवरा गेलेल्या बाईला त्या गावात दुसरं होतं कोण?

मी आत गेलो. फादर आणि पास्टर दोघंही मागोमाग आले. दुसरा एकटा आत गेलेला कोणालाच नको होता.

योहानची आई मरियाबाई कॉफिनला हात लावून बसल्या होत्या. हातात जपमाळ होती आणि त्या गोंडीत काहीतरी पुटपुटत होत्या. रूथ भिंतीशी उभी होती. रडून झालेलं होतं. तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, ‘साहेब, थे लवकर गेले का तडफडले? खरं सांगजा.’

‘मेडिकल ऑफिसरनं तपासलं. बर्फ अंगावर आला तेव्हाच मानेला मार बसला. त्याच क्षणी गेला. त्रास झाला नाही.’

ती पास्टरकडे वळली.

‘पास्टर, थे सापडत नव्हते तवा आपन दोन दिवस उपास धरून बसलो होतो. तुमी सोता म्हनत होते, प्रभू, योहानले सांभाळ.’

‘हो बहिनी.’

‘थे तं तवाच गेलते.’

‘आपल्याले मालूम नव्हतं.’

‘आपल्याले नव्हतं. देवाले होतं ना?’ रूथचा आवाज चढला नाही. ‘मंग थ्या प्रार्थनेचं त्यानं काय केलं? फेकून देल्ली?’

आता वचन येणार, असं मला वाटलं. पास्टरनी बायबल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पण उघडलं नाही. त्यांच्या बाबतीत मी अंगणात आल्यापासून बरंच काही मनात धरून होतो. अशा वेळी वचन न फेकणारा माणूस मात्र मला आवडतो.

मरियाबाईंनी मान वर केली. ‘म्या बी दोन दिवस जित्या लेकाचीच माळ ओढली,’ त्या म्हणाल्या. ‘पोरी, थो मेला म्हून आता काहून बंद कराची?’

डोंगरावर दोन दिवस मी जे मागत होतो, तेही मेलेल्या माणसासाठीच होतं. मला हे त्या घरात येईपर्यंत सुचलं नव्हतं.

रूथ म्हणाली, ‘अलीकडच्या कबरीत ठेवा. थ्यायचा बाप तिथं हाये. मी मेल्यावर कुठं जाईन थे मंग पाहू.’

‘बहिनी, मंडळी इचारन,’ पास्टर म्हणाले.

‘इचारू द्या. तुमी या.’

पास्टरनी माझ्याकडे पाहिलं. ‘मी उभा राहीन. पन जे मले पटत नाही त्याले आमेन म्हननार नाही.’

‘म्हणू नका,’ मी म्हणालो. ‘आमच्या कंपनीत हेच चालतं. चार चर्चचे चार जण असतो. जे पटलं त्याला आमेन, नाही पटलं तर गप्प. रांग सोडायची नाही, एवढाच नियम.’

फादरनी मला दाराबाहेर घेतलं. ‘ते मध्येच भाषण सुरू करतील.’

‘भाषण नाही. प्रार्थना. पाच मिनिटं.’

‘त्यांची पाच मिनिटं मला माहीत आहेत, सुभेदार.’

‘फादर, तुमचीही मला माहीत आहेत.’

ते हसले नाहीत, पण निघाले.

कबरीवर दोन्ही घोळके समोरासमोर उभे राहिले. मध्ये कॉफिन. फादरनी योहानच्या आत्म्याला शांती मागितली. त्यांच्या लोकांनी आमेन म्हटलं. समोरची रांग दगडासारखी गप्प होती. एका माणसाने निघायला पाय उचलला. रूथने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाय होता तिथे परत आला.

मग पास्टर बोलले. योहानच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले. घरच्यांना धीर मागितला, आईचं नाव आधी घेतलं. फादरचे लोक डावपेच शोधत असल्यासारखे ऐकत होते. संपलं तेव्हा पहिलं आमेन मरियाबाईंचं आलं, मोठ्याने. त्यानंतर बाकीच्यांना गप्प राहणं कठीण झालं.

शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. दोन्ही चर्चचं मराठी थोडं वेगळं आहे. शब्द मध्येच एकमेकांवर आदळत होते. शेवटची ओळ फादरच्या लोकांत म्हणत नाहीत. ते थांबले, प्रार्थनाघरवाले आणि त्यांच्याबरोबर मी, आम्ही पुढे म्हणत गेलो. आमचं संपेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले.

सलामीच्या फैरी झाल्या. बिगुलवर लास्ट पोस्टची, निरोपाची धून वाजली. घडी केलेला तिरंगा मी रूथच्या हातात दिला. तिने तो सासूच्या मांडीवर ठेवला.

पलीकडची कबर उघडी ठेवून गाव सोडायची माझी तयारी नव्हती. मी दोन जवान घेऊन गेलो. दोन्हीकडचे लोक मागून आले. मदतीला आले की लक्ष ठेवायला, हे मी सांगू शकत नाही. फावडी मात्र दोन्हीकडची होती आणि उजेडातच खड्डा बुजला.

याने त्या गावातली दोन चर्चं एक झाली, असं कोणी समजू नये. पुढच्याच रविवारी मोबाईलवर फक्त पास्टरची प्रार्थना फिरली, फादरची कापलेली होती. फादरचे लोक अजून ते विसरले नाहीत. प्रार्थनाघरातली दोन कुटुंबं रूथशी बरेच दिवस बोलत नव्हती. मीसुद्धा माझ्या लोहाऱ्याच्या चर्चमध्ये हे सांगितलं, तेव्हा एकाने विचारलं, ‘म्हणजे तुम्ही तिकडे गेलात का?’ कुठे तिकडे, ते त्याने सांगितलं नाही.

तरी योहानच्या स्मृतिदिनी, त्या एका दिवशी, दोन्हीकडचे कबरीवर येतात. रिटायर झाल्यापासून मीही दर वर्षी जातो. मरियाबाई गेल्या वर्षी वारल्या, त्यांना योहानच्या शेजारीच पुरलं. या वर्षी फादर नवीन होते. जुने बदलून गेले. नव्या फादरनी पास्टरना येताना पाहिलं आणि मला विचारलं, ‘हे मध्येच उठून जाणार नाहीत ना?’

‘सांगता येत नाही,’ मी म्हणालो. ‘आजपर्यंत गेले नाहीत.’

फादरची प्रार्थना झाली, पास्टरची झाली. मग रूथ दोन कबरींच्या मध्ये जाऊन बसली. तिने मोठ्याने फक्त नावं घेतली, आधी सासूचं, मग नवऱ्याचं. पुढचं ती मनात बोलली. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही आणि तिच्या पास्टरनी विचारलं नाही.

गेलेल्या माणसासाठी देवाकडे काय मागायचं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे मी काही मागत नाही. टोपी काढतो, रँकसकट नाव घेतो, नायक योहान आत्राम, आणि आमेनला कोण थांबलं, कोण गेलं हे न बघता डोळे मिटतो.