एक मिनिट गप्प बसा!

“कोण बोललं रे?” मी ओरडलो. डायरेक्टरनं कपाळावर हात मारून घेतला.

मी पिक्चरचा साउंड रेकॉर्डिस्ट. नव्वदच्या दशकाचा शेवट. पिक्चर एका फौजीचा, जो घरी परततो पण घरात रमत नाही. शूटिंग सेनगाव तालुक्यात, साखऱ्याला. मी हिंगोलीचा, म्हणून घर मीच शोधलं होतं, आणि कॉलर ताठ करून फिरत होतो.

घर मारोतीबांचं. ते मेंढरं घेऊन दिवसभर रानात. त्यांचा मुलगा गणपत खराखुरा फौजी, नोकरी संपवून आलेला. बाप-लेक एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. आई वारली तेव्हा गणपतला सुट्टी मिळाली नाही, तो मातीला पोचला नाही. तेव्हापासून घर मुकं. मी डायरेक्टरला खुशीत सांगितलं होतं, “सर, सोन्यासारखं लोकेशन! आवाजच नाही घरात.” काय ती माझी अक्कल!

शेवटच्या दिवशी गणपतची ट्रंक आमच्याच टेम्पोत चढली. पुण्यात वॉचमनची नोकरी धरली होती. परत यायचं नाही म्हणत होता. पाणी प्यायला म्हणून तो आत आला, मारोतीबा आत बसलेलेच होते, अन् मी दार लावून घेतलं. माझा रूम टोन राहिला होता.

रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती मिनिटभर टेप करायची आणि नंतर डायलॉगच्या मधल्या फटींत भरायची. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. बाप-लेक समोरासमोर अडकले. मी हेडफोन लावला. अर्धं मिनिट झकास गेलं. मग कानात आलं, “खरंच जाऊन राहिला का रं?”

म्हणून मी ओरडलो होतो.

“म्या बोललो,” मारोतीबा म्हणाले.

“अहो बाबा, इतके दिवस गप्प होतात, आणखी एक मिनिट निघत नाही का?”

पुन्हा सुरू. आता गणपत बोलला, “तुमी कुठं थांब म्हणलं?”

“कट! अहो फौजी, तुम्हाला तरी शिस्त पाहिजे!”

तिसऱ्या वेळी मी तोंड उघडणार, तोच डायरेक्टरनं त्यावर हात ठेवला.

“तुही माय दाराकडं बघत गेली रं,” म्हातारा म्हणाला.

“मलाबी यायचं व्हतं, बा. न्हाई येऊ दिलं.”

मारोतीबांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मग म्हणाले, “मेंढरं माझ्यानं न्हाई व्हत आता. थांब.”

गणपत तिथंच खाली बसला आणि लेकरासारखा रडला. त्या टेपवर शेवटी कुणीतरी मोठ्यानं नाक ओढल्याचा आवाज आहे. तो माझा.

ट्रंक टेम्पोतून उतरली. मी घाबरत घाबरत विचारलं, “आता एक मिनिट गप्प बसता का?” पण माझं ऐकतंय कोण? लांडग्यानं नेलेल्या मेंढरापासून सरहद्दीवरच्या बर्फापर्यंत दोघांची टकळी चालूच. आमचा टेम्पो निघाला तरी आतून आवाज येत होता.

शेवटी पिक्चरमध्ये साखऱ्याच्या त्या घराची म्हणून जी शांतता आहे, ती माझ्या पुण्यातल्या खोलीची आहे. तेव्हा मी एकटाच राहायचो, त्यामुळे पहिल्याच टेकला मिळाली.

तेव्हापासून लोकेशन बघायला गेलो, की घर शांत आहे का, एवढंच विचारत नाही. का शांत आहे, हेही विचारतो.