दगडावरची हळद

वसंताचा फोन आला तेव्हा मी इथे इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्सच्या किचनमध्ये टोस्टला लिंबाचं लोणचं लावत होतो. "सुमन गेली रे पहाटे," तो म्हणाला. मग म्हणाला, "लोकांना कळवताना वाढवून सांगू नकोस. झोपेत गेली, एवढंच सांग." जुना मित्र, माझी जीभ ओळखून आहे. त्याला आता काही आठवडे झाले. मी खरोखर तेवढंच सांगितलं. पण सुमनवहिनींच्या जाण्यात वाढवण्यासारखं काही नसलं, तरी असण्यात पुष्कळ होतं, आणि त्याबद्दल वसंताने मला काही बजावलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात वसंताला बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि त्याने घर घेतलं ते जवळच्या खेड्यात. खेडं एवढंसं, की माझ्या गाडीचं मागचं चाक गावात शिरेपर्यंत पुढचं चाक गावाबाहेर पडलेलं असायचं. शेजारीण मार्गारेट. तिने पहिल्याच महिन्यात वहिनींना चर्चच्या साफसफाईला नेलं. शनिवारी सकाळी पितळ घासायचं, फुलं लावायची आणि मग चहा-केक. तिथे दाराशीच तो फॉन्ट होता, म्हणजे बाळाला बाप्तिस्मा देतात ते दगडी पात्र. मधे जाड खांब, चार कोपऱ्यांना चार बारीक खांब, वर लाकडी झाकण. मी पाहुण्यांना तो दोन हजार वर्षांचा असल्याचं सांगतो. व्हिकरसाहेब, म्हणजे तिथले पाद्री, जवळ असले तर सौम्यपणे त्यातली बाराशे कमी करतात.

वहिनींनी झाकण उचललं. आत दोन मेलेले कोळी. "अगंबाई, कोरडी ठाक! आमच्या गोठ्यातली डोणी बरी, तिच्यात पाणी तरी असायचं." देवाच्या घरात पाण्याचं भांडं असं रिकामं ठेवायचं हे काही त्यांना पटेना. पुढच्या शनिवारी त्यांनी बादल्या आणून तो काठोकाठ भरला. रविवारी व्हिकरसाहेबांनी झाकण उघडलं आणि त्यांना तो चमत्कारच वाटला, असं मी सांगतो. खरं म्हणजे त्यांनी वहिनींना चहाला बोलावून समजावलं की पाणी फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी घालतात. पूर्वी लोक ते पाणी जादूटोण्यासाठी चोरायचे, म्हणून झाकणाला कुलूपही असायचं. "चोरायचे म्हणजे पाणी चांगलंच असणार," वहिनी म्हणाल्या. त्या दिवसापासून फॉन्ट पुसायचं काम त्यांच्याकडे आलं, ते शेवटपर्यंत.

मग मीनलने, वसंताच्या लेकीने, मार्गारेटच्याच मुलाशी लग्न केलं आणि सहा वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली. मीनलचा फोन आला, "आई, प्लीज, एकच फंक्शन. ख्रिसनिंग आहे ना? मग परत बारसं कशाला? पीपल विल गेट कन्फ्यूज्ड. नाव एमिली ठेवलाय." वहिनी "बरं" म्हणाल्या. त्या रविवारी मी जेवायला गेलो तर आमटीत मीठ नाही. वहिनींच्या आमटीत! मी वसंताकडे पाहिलं, वसंताने ताटाकडे. शेवटी त्याच बोलल्या, "एमिली तर एमिली. माझं भांडण नाही. पण भाऊजी, नातीच्या कानात मी एक नावही सांगायचं नाही? मग मी तिची कोण? शेजारीण?"

ख्रिसनिंगला, म्हणजे त्या बाप्तिस्म्याला, वहिनी पैठणी नेसून, खांद्याला भलीमोठी बॅग लावून आल्या. पाण्याचा विधी झाला, एमिलीने छत दुमदुमेल इतकं रडून घेतलं, आणि वहिनींनी बॅगेतून कुंची घातलेला, हळदकुंकू लावलेला वरवंटा काढला. हा तोच वरवंटा, जो त्यांनी लग्नानंतर मांडीवर धरून विमानातून आणला होता, आणि लंडन येईपर्यंत विमान म्हणे एका बाजूला कललं होतं.

"आई! यू प्रॉमिस्ड!"

"फंक्शन एकच आहे गं. मी कुठे पाळणा आणलाय?"

व्हिकरसाहेबांनी विचारलं, हे कोण? व्हिकरांनी वरवंट्यालाही बाप्तिस्मा दिला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. आता वहिनी नाहीत, तर खरं सांगतो. वहिनी म्हणाल्या, "स्टोन. बेबी शुड बी स्ट्राँग लाइक धिस." साहेबांनी वरवंट्याकडे पाहिलं, फॉन्टकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकून त्यांना जागा करून दिली. बस, एवढंच. वहिनींनी वरवंटा फॉन्टच्या काठावर टेकवला, नातीला उचललं आणि पाण्यावरून मार्गारेटपुढे धरलं, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या!" मार्गारेट गोंधळली. "ओह... थँक यू," म्हणत तिने बाळ घेतलं. मी हसून हसून बाकावरून पडलो. हे मात्र वाढवलेलं नाही, वसंताला विचारा. मग वहिनी वाकल्या आणि बाळाच्या कानात काहीतरी बोलल्या. रीतीप्रमाणे ते नाव नंतर मोठ्याने सांगायचं असतं. त्यांनी मीनलकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

चहाच्या वेळी लक्षात आलं, की वरवंट्याच्या हळदीचा अंगठ्याएवढा डाग त्या दगडात मुरलाय. मार्गारेट धावत साबण घेऊन आली. हळदीला साबण! डाग लालभडक झाला आणि वहिनींनी तोंडाला पदर लावला. व्हिकरसाहेब म्हणाले, "राहू द्या. या फॉन्टने याहून वाईट दिवस काढलेत." दर शनिवारी वहिनी सगळा फॉन्ट पुसायच्या, डाग तेवढा वगळून. एमिली चालायला लागल्यावर तिलाही बरोबर न्यायच्या.

परवा चर्चमध्ये वहिनींसाठी प्रार्थना झाली. नंतर चहा घेता घेता मीनल माझ्याजवळ आली. "काका, आईने नाव काय ठेवला होता? मी कधी विचारलाच नाही. बाबांना पण माहीत नाही..." आणि ती रडायला लागली. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी आजवर निरनिराळी अकरा नावं सांगत फिरलोय. एवढ्यात फॉन्टपाशी एमिली दिसली. टाचा उंचावून, हातातल्या पेपर नॅपकिनने ती काठ पुसत होती, डाग तेवढा सोडून. आता तो परत पिवळा झालाय. इंग्लंडच्या उन्हात काही विटत नाही. मी गुडघे मोडून खाली बसलो. "आजी तुला काय म्हणायची गं?"

तिने मान हलवली. "इट्स ओन्ली फॉर इअर्स," म्हणाली. मग माझा कान ओढला आणि त्यात सांगितलं.

मी मीनलला हाक मारली आणि तिलाही तिथेच, त्या दगडाशी, गुडघ्यावर बसवलं... तिने कान पुढे केला. ते नाव आता आम्हा तिघांना ठाऊक आहे. ज्याच्या पोटात उभ्या जन्मात काही राहिलं नाही तो मी, अजून कुणाला सांगितलेलं नाही. वसंतालासुद्धा नाही. त्याला मी सांगितलंय, शनिवारी चर्चमध्ये जा, एमिली फॉन्ट पुसायला येते, जरा वाक.