लाल शाईने सुधारलेली चिठ्ठी

मंगळवार, १२ मार्च २००२. नळाला पाणी उशिरा आलं. इस्त्रीचे कपडे दिले. दुपारी वैजनाथ एका वार्ताहर मुलीला घेऊन आला.

वैजनाथ आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. लातूरकडचा. मार्केट यार्डात हमाली करत बी.कॉम. झाला आणि एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस सांभाळू लागला. आमचे हे गेले तेव्हा पासबुकापासून दहाव्यापर्यंत सगळं यानेच पाहिलं.

दीड वर्षापूर्वी त्याने कॉलेजातली वीस मुलंमुली इंग्रजी बोलायच्या सरावाला माझ्याकडे आणली. कंपनीत परदेशी पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर म्हणायची इंग्रजी वाक्यं कंपनीच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिली होती : आम्ही इथले इंजिनिअर, बरेच दिवस इथे काम करतो. मुलांना नोकरी लागणार आहे, हा सराव, असं मी समजले. वैजनाथ म्हणतो, त्यालाही तसंच सांगितलं होतं. चिठ्ठीतल्या चुका मी लाल शाईने सुधारल्या, ही कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी लावलेली सवय. वाक्यं खरी आहेत का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

आता कंपनी बुडाली. नसलेली माणसं दाखवून लोकांचे पैसे गोळा केले, असं ऋतुजाने, म्हणजे त्या वार्ताहर मुलीने, छापलं. साहेब म्हणतात, ती मुलं वैजनाथने परस्पर आणून बसवली. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं.

चिठ्ठी माझ्या जुन्या डायरीत, २० ऑगस्ट २०००च्या पानात होती. मी काही टाकत नाही.

ऋतुजाने ती उजेडात धरली. "आजी, हे लाल अक्षर तुमचं?"

"हो."

"मग तुमचंही नाव निघेल."

वैजनाथने चिठ्ठीला हात घातला. "नका देऊ काकू. माझं मी बघतो."

"आतापर्यंत चांगलंच बघितलंस," मी म्हटलं. "बस खाली."

ऋतुजाने फोटो घेतला. मूळ चिठ्ठी मी उद्या वैजनाथबरोबर चौकीत नेणार आहे. साहेब यात अडकतील का, असं विचारलं, तर ती म्हणाली, तिचं काम छापण्यापर्यंत. आणि मी कोण, साक्षीदार की साथीदार? तेही तिला सांगता येईना. वैजनाथ जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण कसला द्यावा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी मुगाची खिचडी केली. मीठ दोनदा पडलं.