कोमट लस

नव्वदच्या दशकात मी पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. विजेची तार तिथवर पोहोचली नव्हती, म्हणून लसींसाठी सोलरवर चालणारा फ्रीज मिळाला होता. छपरावर पॅनेलं, खोलीत बॅटऱ्या. दिवसा वीज बॅटऱ्यांत साठायची आणि रात्रभर फ्रीज चालायचा. पहिली दोन वर्षं त्यानं मला काही त्रास दिला नाही.

मग बॅटऱ्या थकल्या. दुपारी फ्रीज गार असायचा, पण सकाळी दार उघडलं की आतून कोमट हवा यायची. थर्मामीटर अठ्ठावीस अंशांवर, हवा होता आठच्या आत. गोवरची लस अशा उबेत टिकत नाही. मी ती फेकून द्यायचे, तालुक्याहून बर्फाच्या डब्यात नवी आणायचे, तीही दोन दिवसांत फेकायचे.

तीन पत्रं लिहिल्यावर तपासणीला एक साहेब आले. त्यांनी अंगणातूनच छपराकडे पाहिलं.

"पॅनेलं शाबूत आहेत. ऊनही आहे. मग बंद कसा?"

"साहेब, वीज तयार होते, पण बॅटऱ्यांत राहत नाही. सूर्य मावळला की फ्रीज बंद."

"योजना पॅनेलची आहे बाई. बॅटऱ्या बदलायची तरतूदच नाही तिच्यात. चालू आहे असं लिहा."

मी लिहिणार नाही म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या हातानं 'चालू' लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

वरच्या पाड्यावरची एक बाई लेकीला पाठीला बांधून तीन वेळा आली होती. डोंगर उतरायला दोन तास, चढायला तीन. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं तेव्हा ती ओटीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, माझ्या पोरीच्या वाटची लस रोज कोन खातं?" शेतीचं काम संपल्यावर त्या पाड्यावरची माणसं द्राक्षांच्या बागांवर मजुरीला गेली. परत आली तेव्हा पाड्यात गोवर पसरला होता. तिची मुलगी वाचली, पण उजवा डोळा गेला.

ते कळलं त्या दिवशी मला रडू आलं नाही, संताप आला. आमच्या शिपाईमामांना म्हटलं, "एक बॅटरी सोडवा. नाशिकला न्यायची." मामा म्हणाले, "बाई, नोकरी जाईल." पण त्यांनी पाना आणला. आम्ही दोघांनी ती गोणपाटात बांधून एसटीत चढवली. "हे काय हाय?" कंडक्टरनं विचारलं. मी म्हटलं, "सरकारी फ्रीज." सगळा घाट मी तिला दोन्ही पायांनी धरून बसले. ॲसिडानं साडीचा काठ जळाला.

नाशिकच्या कचेरीत त्याच साहेबांच्या टेबलावर आम्ही ती ठेवली. काचेवर तिचा ओला ठसा उमटला. "ही चालू करून दाखवा," मी म्हणाले, "आणि मग त्या पोरीच्या आईला जाऊन सांगा, योजनेत काय काय होतं." साहेब मामांकडे बघत म्हणाले, "हिला बाहेर न्या." मामा जागचे हलले नाहीत.

तीन महिन्यांनी नव्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्या आधी मेमो आला: सरकारी मालमत्ता परवानगीशिवाय हलवली, खुलासा करा. मी एका ओळीत लिहून पाठवलं, 'मेलेली होती, म्हणून हलवली.' माझी वेतनवाढ थांबली. मामांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावी टाकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढं माझी बदली नाशिकरोडला झाली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी खिडकीतून दिसत, तरी आमच्याकडं भारनियमन असे. तेव्हा शहरात सौर आणि पवनऊर्जेच्या धोरणावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी किती पॅनेलं लागणार, किती पवनचक्क्या फिरणार, सगळं सांगितलं. मी उठून माईक घेतला आणि विचारलं, "ऊन नसेल, वारा पडला असेल, तेव्हा काय? वीज साठवायचं कुणाकडं दिलंय?"

"तो तांत्रिक मुद्दा आहे," ते हसून म्हणाले. "आधी निर्मिती तर होऊ द्या."

सभागृहातली माणसंही हसली. मी उभीच राहिले. म्हणाले, "आमच्याकडं निर्मिती भरपूर होती. एका पोरीचा डोळा गेला." कुणीतरी माईक बंद केला.