अध्यक्षांची आमराई

अध्यक्ष काठीनं आंब्याच्या बुंध्याला टोचायचे आणि म्हणायचे, "हे म्या लावलं." पाहुणा सायब असो की सोयरा, गेटातून आत आला की पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत हेच. मागून मी कळशी आणि तांब्या घेऊन चालायचो. माझ्याकडं बघून कुणी काही विचारलं नाही.

साखर कारखान्याचं अध्यक्षपद कधीच गेलं होतं, तरी नुसतं 'पाटील' म्हणून हाक मारली तर हा माणूस मान वळवायचा नाही. घरात बायकोसुद्धा "अध्यक्ष, जेवायला चला" म्हणायची. मी त्यांचा सालगडी. सगळी उमर त्यांच्याच रानात गेली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. माझी शाळा दुसरीतच सुटली, गोड लिहायचं पुढच्या यत्तेत शिकवत असतील.

जळकोटकडं जाताना आज जी हिरवीगार आमराई दिसते, तिथं नुसता मुरूम होता. पहारीनं खड्डे मी घेतले. रोपं लावली माझ्या मंडळीनं, गोदानं. लावून थांबली नाही. दुष्काळात विहिरीतनं घागरी शेंदून तिनं एकेक रोप जगवलं. पोटुशी होती तेव्हाही घागर सोडली नाही. अध्यक्ष जीपमध्ये बसून बघायचे आणि म्हणायचे, "गोदे, सांडू नको. पानी म्हंजी सोनं." उतरून एक घागर उचलली असती तर आज मी गप बसलो असतो.

मला राग यायचा. गोदा हसायची. "बोलू द्या की वो. आंब्याला काय कान हायेत?"

येळवशीला मात्र ह्या माणसाचं निराळंच असायचं. त्या अमावस्येला आमच्याकडं शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. मालक, गडी, पाहुणे सगळे रानातच जेवतात. अध्यक्ष बंगल्यातलं ताट सोडून आमच्या कोपीत मांडी घालून बसायचे आणि मातीच्या लोटक्यातनं आंबील प्यायचे. एका येळवशीला वाढता वाढता गोदा म्हणाली, "अध्यक्ष, पांडवाम्होरं बसलाव. खरं सांगा, आंबं कुनी लावलं?"

मी गार पडलो. बाहेर पाहुणे जेवत होते. अध्यक्षांनी मिशा पुसल्या, दगडांकडं बघितलं. म्हणाले, "तूच लावलंस, गोदे. पन उद्या इचारू नको."

मग दर येळवशीला ती विचारायची आणि ते सांगायचे. ती खूश. मी नाही. सालभर लबाडी आणि एक दिवस खरं, ह्याला काय आरतीनं ओवाळायचं? तरी बोलायला त्यांना कुणी भाग पाडत नव्हतं, एवढं मी त्यांच्या पदरात घालतो. त्याच्या वर काही मिळणार नाही.

आधी गोदा गेली. पुढच्या येळवशीला अध्यक्ष कोपीत येऊन बसले. लोटकं हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले. विचारणारी नव्हती. मी विचारलं नाही. आंबील तशीच ठेवून ते उठले. मला त्याचा आजही पस्तावा नाही. पुढं तेही गेले.

आता धाकट्या मालकांनी सगळं जपून ठेवलंय. बंगल्यात काचेच्या कपाटात चपला, काचेतच काठी. आमराईच्या तोंडाला पाटी, 'अध्यक्षांनी स्वहस्ते लावलेली आमराई'. शाळांच्या सहली येतात. कोपसुद्धा सिमेंटची केली आणि तिला कडब्याचा रंग दिला. पांडवांना ऑइलपेंट. आत अध्यक्षांचा पुतळा, मांडी घातलेला, हातात लोटकं. कोप आम्ही दर साली नवी बांधायचो आणि मोडायचो. ही मोडायचीच सोय नाही.

उद्घाटन येळवशीलाच ठेवलं. धाकटे मालक माझ्या दारात आले. "तात्या, जुनं मानूस तुमीच उरलाव. अध्यक्षांनी झाडं कशी लावली, दोन शब्द सांगा."

"सांगतो की."

"वंगाळ काय बोलू नगा."

"येळवशीला वंगाळ कोन बोलतंय, मालक?"

हातात माइक दिला. मी स्टेजवर चढलो नाही. सिमेंटच्या कोपीत वाकून शिरलो, पुतळ्यासमोर बसलो आणि विचारलं, "अध्यक्ष, आंबं कुनी लावलं?"

बाहेर माणसं हसली. मी खरंच उत्तराची वाट बघत बसलो. धाकटे मालक कोपीच्या तोंडाशी वाकले. "तात्या, त्ये कसं बोलतील? तुमीच सांगा अन् या भायेर."

"त्येंनी ह्याच जागी सांगितलंय. म्या कानानं ऐकलंय. माज्या गोदानं लावलं."

माइक चालू होता. मालकांचं तोंड चुन्यागत पांढरं झालं. "बरं, झालं तात्या. पन उद्या ह्यो इषय नगं."

बाप तसा लेक.

"उद्याबी इचारा," मी म्हणालो. "परवाबी इचारा."

पाटी अजून तीच आहे. मीही तोच आहे. अध्यक्षांची काठी काचेत, माझी बाभळीची माझ्या हातात. सहल आली की पहिल्या आंब्याच्या बुंध्याला टोचतो आणि म्हणतो, "हे गोदानं लावलं."

टोचायचं मात्र अध्यक्षांकडूनच शिकलो.