सायकलीची खांदेमळणी

आंबवड्याचा सोनबा रोज सायकलीवरून भोरला दूध घालायचा आणि घरी आल्यावर ती गोठ्यात बैलाशेजारी उभी करायचा. अडतीस साली बेंदराच्या आदल्या संध्याकाळी त्यानं रिवाजाप्रमाणे बैलाचे खांदे हळद-तुपानं मळले. वाटीत उरलेलं सायकलीच्या मागच्या दातेरी चक्रात, फ्रीव्हीलमध्ये, बोटानं चेपलं. ओझं तर तीही ओढत होती!

तिसऱ्या दिवशी भोरहून परतताना वेशीबाहेरच पायडल नुसतंच गरगर फिरू लागलं, चाक काही पुढं जाईना. त्या चिकट्यानं चाकाला पकडणारे आतले खटके मिटलेलेच जाम झाले होते. चिखल एवढा, की ढकलायचीही सोय नव्हती. सोनबानं सायकल खांद्यावर घेतली आणि तीन कोस तुडवत घर गाठलं.

"भोरातच मिस्त्रीकडं का न्हाई टाकली तुमी?" बायको, साळूबाई, म्हणाली.

"म्या बिघडवलीय, म्याच नीट करनार."

चाक काढलं, पण फ्रीव्हीलचं झाकण हटून बसलं. छिन्नी लावून डावीकडं हाणून हाणून अंगठा सुजला. शेवटी वैतागून त्यानं उजवीकडं ठोकलं, तर मेलं लगेच सुटलं; त्याचे आटेच उलटे होते! छर्रे आणि खटके परातीत काढून त्यानं रॉकेलनं धुतले, चिंधीनं पुसले, परत बसवले आणि शिंप्याकडून आणलेल्या मशीनच्या तेलाचे चारच थेंब सोडले. चाक फिरवताच स्वच्छ टिकटिक ऐकू आली.

साळूबाईनं हसू दाबत हळद-तुपाची वाटी पुढं केली. "लावायचं का परत?"

सोनबानं सदरा उतरवला आणि तिच्याकडं पाठ करून बसला. खांद्यावर दांडीचा लालभडक वळ उठला होता.

"लाव की. पर हितं."